अक्रोडाचा दावा, अंड्याचा हक्क

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, पालकसभांत आणि घरोघरच्या फोनवर एक यादी फिरू लागते. भिजवलेले बदाम, अक्रोड, डार्क चॉकलेट, भोपळ्याच्या बिया, ब्लूबेरी. तिच्या शेजारी दुसरी यादी, वर्ज्य पदार्थांची: वडापाव, वेफर्स, क्रीमची बिस्किटे, फरसाण. पहिल्या यादीतले खाल्ले की स्मरणशक्ती तल्लख होते, दुसऱ्या यादीतले खाल्ले की बुद्धी मंदावते, असे सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तरीही या याद्यांचा प्रतिवाद करायला हवा, कारण त्या एका दमात तीन गोष्टी सांगतात. त्यांतली पहिली सिद्ध झालेली नाही. दुसरी अर्धीच खरी आहे. तिसरी कोणी उघडपणे बोलत नाही, पण सगळ्या उपदेशाचा पाया तीच असते: मुलाची बुद्धी हा घरातल्या निवडीचा प्रश्न आहे, आईने डब्यात योग्य तो खाऊ घातला की काम झाले. ही तिसरी गोष्ट मला अन्यायाची वाटते आणि माझे खरे भांडण तिच्याशी आहे.

माझी बाजू आधीच मांडते. मधल्या वेळी आपण काय खातो याचा स्मरणाशी आणि विचार करण्याच्या क्षमतेशी संबंध आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र शरीरात जिथे काहीतरी कमी पडते आहे तिथे तो संबंध ठळक दिसतो. जिथे काही कमी नाही तिथे वर आणखी भर घालून हाती फारसे लागत नाही. गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या चाचण्या हेच पुन्हा पुन्हा दाखवत आल्या आहेत, आणि आपली चर्चा अजून सुकामेव्याच्या बरणीभोवतीच फिरते आहे.

अक्रोड आधी घेऊ, कारण त्याच्या नावावर सर्वांत मोठा दावा आहे. त्याचा आकार मेंदूसारखा म्हणून तो मेंदूला चांगला, या समजुतीला युरोपातल्या जुन्या वैद्यकाचा आधार होता; जे फळ ज्या अवयवासारखे दिसते ते त्या अवयवाचे औषध, असे तिथे एके काळी मानत. आजचे समर्थक आकाराबद्दल बोलत नाहीत, ओमेगा-३ बद्दल बोलतात. अक्रोडात ओमेगा-३ असते हे खरेच, पण ते अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या रूपात. मेंदूच्या पेशींच्या आवरणात असते ते डीएचए, आणि पहिल्यापासून दुसरे बनवण्याची आपल्या शरीराची ताकद फार तोकडी आहे. अर्थात नुसत्या तर्काने कोणाला खोटे ठरवू नये. चाचणी काय म्हणते ते पाहावे.

आणि चाचणी झालेली आहे. स्पेनमधले बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातले लोमा लिंडा अशा दोन ठिकाणी ६३ ते ७९ वयाची ७०८ निरोगी माणसे निवडली गेली. कोण कोणत्या गटात जाणार हे योगायोगावर सोडले होते. एका गटाने दोन वर्षे रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड खाल्ले, दुसऱ्याने अक्रोड टाळले. स्मरण, भाषा, लक्ष यांच्या परीक्षा सुरुवातीला झाल्या आणि शेवटी पुन्हा झाल्या. २०२० मध्ये निकाल छापून आला: दोन गटांत म्हणावा असा फरक नाही. या संशोधनाला कॅलिफोर्नियातल्या अक्रोड मंडळाचे अर्थसाहाय्य होते. तरीही संशोधकांनी प्रतिकूल निष्कर्ष सरळ मांडला, याबद्दल त्यांचा आदर वाटतो. मात्र आपल्या पुरवण्यांतल्या याद्यांपर्यंत हा निकाल पोचलेला दिसत नाही.

या चाचणीतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. दोन्ही शहरांची आकडेवारी वेगळी काढल्यावर बार्सिलोनाच्या गटात अक्रोडाचा थोडासा लाभ झाल्याची खूण दिसली, लोमा लिंडात ती दिसली नाही. लोमा लिंडातली माणसे आधीपासूनच आहाराच्या बाबतीत काटेकोर होती. बार्सिलोनातल्यांचे शिक्षण तुलनेने कमी, धूम्रपान जास्त आणि आहारातले ओमेगा-३ कमी होते. नंतर केलेल्या अशा पोटविश्लेषणावर फार भार टाकता येत नाही, पण ते ज्या दिशेला बोट दाखवते ती दिशा लक्षात ठेवावी. जिथे उणीव, तिथे परिणाम.

कोकोच्या बाबतीतही हेच झाले. डार्क चॉकलेटने स्मरणशक्ती वाढते, हा मथळा अमेरिकेतल्या कॉसमॉस नावाच्या मोठ्या चाचणीच्या आधारे फिरतो. या चाचणीच्या एका शाखेत ३,५६२ वयस्कांना कोकोतली फ्लॅव्हॅनॉल द्रव्ये किंवा त्यांच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी तीन वर्षे दिली गेली. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा स्मरणात ठोस फरक आढळला नाही. ज्यांच्या रोजच्या आहारात ही द्रव्ये मुळातच सर्वांत कमी होती, त्यांची स्मरणशक्ती तेवढी सुधारली. दुसऱ्या शाखेत २,२६२ जण होते. तिथे कोकोचा लाभ दिसलाच नाही. शिवाय या चाचणीत कोको कॅप्सूलमधून दिला होता, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल मोजून. दुकानातले चॉकलेट बनवताना ही द्रव्ये बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात आणि साखर व चरबी तेवढी पदरात पडते. कॅप्सूलवरच्या संशोधनाचे नाव घेऊन चॉकलेटची वडी खपवणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले असते. एकेका पदार्थाचे सोडा, ते म्हणतात, सगळ्या आहाराचा पुरावा पाहा. ठीक आहे, पाहू. शिकागोतल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘माइंड’ या आहारपद्धतीबद्दलचे निरीक्षण मांडले. भाज्या, डाळी, कठीण कवचाची फळे, बेरी, मासे जास्त आणि तळलेले, गोड, लोणी, चीज कमी. हा आहार ज्यांनी सर्वांत कसोशीने पाळला त्यांच्यात अल्झायमरचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी होते. आकडा डोळे दिपवणारा आहे आणि तो जगभर पसरला. मग याच आहाराची खरी चाचणी झाली. शिकागो आणि बोस्टनमधली ६०४ माणसे, तीन वर्षे. निकाल २०२३ मध्ये आला: माइंड आहार घेणारे आणि नुसतेच थोडे कमी खाणारे, दोघांच्या बुद्धीच्या चाचण्यांत लक्षणीय फरक नाही.

निरीक्षणात ५३ टक्के आणि चाचणीत जवळजवळ शून्य, हे कसे? जो माणूस रोज बेरी आणि अक्रोड खातो तो सहसा शिकलेला असतो, त्याच्याकडे पैसा असतो, तो फिरायला जातो, वेळेवर डॉक्टरांकडे जातो, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही. त्याच्या म्हातारपणातल्या शाबूत स्मृतीचे श्रेय या सगळ्याला जाते, पण निरीक्षणाच्या तक्त्यात ते अक्रोडाच्या नावावर जमा होते. संशोधक अशा गोष्टी हिशेबातून वगळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करतात, तरी सगळ्या वगळता येत नाहीत. तीन वर्षे फार थोडी आहेत, आणि दुसऱ्या गटाचेही वजन उतरले होते, असा आक्षेप घेता येईल. तो वाजवी आहे. पण आक्षेपामुळे दावा सिद्ध होत नाही. तो अजून सिद्ध व्हायचा आहे एवढेच ठरते.

समर्थकांच्या हातातले सर्वांत भारी पान मीच दाखवते. बार्सिलोनातल्या एका चाचणीत भूमध्यसागरी आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट खाणाऱ्यांची स्मरणशक्ती तुलनेने चांगली टिकली. हा अहवाल २०१५ चा. तो मी फेटाळत नाही. मात्र ती माणसे हृदयविकाराचा धोका जास्त असलेली होती. आणि ज्या मोठ्या प्रकल्पाचा हा भाग होता त्यात काही ठिकाणी गट पाडण्यात चुका झाल्या होत्या, म्हणून त्याचा मुख्य अहवाल २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला. रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या वयस्काला सुकामेव्याचा उपयोग होऊ शकतो, एवढे त्यातून म्हणता येते. सोळा वर्षांच्या धडधाकट मुलाला बीजगणिताचे सूत्र आठवायला बदाम मदत करतो, असे त्यातून मुळीच निघत नाही.

मग कोणी म्हणेल, खाल्ले बदाम तर बिघडते काय? प्रकृतीचे काही बिघडत नाही. बदाम-अक्रोड रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतात. ज्यांना परवडतात त्यांनी आवडीने खावेत. बिघडते ते दुसरीकडे. लोकांच्या घरी स्वयंपाक करून मुलांना शिकवणारी आई जेव्हा मानू लागते की बदाम आणता येत नाहीत म्हणून आपले पोर मागे पडणार, तेव्हा तिच्या डोक्यावर एक खोटे ओझे चढलेले असते. ते कोणीतरी उतरवायला हवे. तिच्या घरातल्या मूठभर शेंगदाण्यांत वजनाच्या हिशेबाने बदामापेक्षा जास्त प्रथिने असतात. फुटाणे, उकडलेल्या शेंगा, मोड आलेली मटकी, राजगिऱ्याचा लाडू, वर एखादा पेरू, हा खाऊ कोणत्याही ब्लूबेरीपुढे कमीपणाचा नाही. पेरूतल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह शरीराला जास्त मिळते. त्याच वेळी चहा घेतला तर ते बरेच कमी मिळते. लहान मुलांनाही चहा-बिस्किटांवर शाळेत धाडण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच वाईट आहे. परीक्षेआधी साखरेने मेंदूला तरतरी येते आणि साखरेने मुले चेकाळतात, अशा दोन्ही उलटसुलट समजुती चालतात. त्यांपैकी दुसरीचा निकाल १९९५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासून लागला होता. साखरेने मुलांच्या वागण्यावर किंवा आकलनावर परिणाम झाल्याचे आढळले नव्हते. साखरेवर आरोप करायला दात आणि वजन ही कारणे पुरेशी आहेत.

आता दुसऱ्या यादीकडे. फरसाण, वेफर्स, पाकिटातली बिस्किटे यांनी बुद्धी जाते का? ब्राझीलमध्ये १०,७७५ लोकांवर सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांच्या आहारातले एक पंचमांशाहून जास्त उष्मांक कारखान्यात अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांतून येत होते, त्यांची बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा २८ टक्के जास्त वेगाने घसरली. ब्रिटनमधल्या ७२,००० हून अधिक लोकांच्या नोंदींतही असे पदार्थ आणि डिमेन्शिया यांचा संबंध दिसला. हीदेखील निरीक्षणेच आहेत, चाचण्या नाहीत. अक्रोडाला लावलेला निकष इथेही लावला पाहिजे, म्हणून मी २८ टक्के हा आकडा कोणाला घाबरवायला वापरणार नाही. ब्राझीलच्या अभ्यासात बाकीचा आहार चांगला असलेल्या लोकांत हा संबंध दिसेनासा झाला, हेही सांगायला हवे.

तरी मी ही बाजू अर्धी खरी म्हणते, कारण हानीचा मार्ग ठाऊक आहे. मीठ रक्तदाब वाढवते. अति गोड आणि अति तेलकट खाण्याने वजन वाढते, मागोमाग मधुमेह येतो. डिमेन्शियाविषयीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, वाईट कोलेस्टेरॉल आहे. बहिरेपण, एकटेपणा, प्रदूषित हवा आणि लहानपणी शिक्षण अपुरे राहणे हेही आहे. आहार हे त्यात स्वतंत्र कारण नाही. तो या बाकीच्या रोगांच्या वाटेने मेंदूपर्यंत पोचतो, आणि पोचायला वीस-तीस वर्षे घेतो. म्हणून पन्नाशीच्या माणसाने संध्याकाळच्या फरसाणाच्या वाटीबद्दल विचार करावा, जरूर करावा. आणि त्याहून आधी रक्तदाब मोजून घ्यावा. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर हे सगळे एकत्र दिले, तेव्हा दोन वर्षांत फायदा दिसला. शाळेच्या मधल्या सुट्टीत खाल्लेल्या एका वडापावाने दुपारच्या तासाला मुलाची बुद्धी मंदावते, असे म्हणायला मात्र काही आधार नाही.

इथवर खंडन झाले. पण खाऊ आणि बुद्धी यांचा संबंधच नाही असे कोणी यातून म्हणू लागले, तर त्यालाही माझा तितकाच विरोध आहे. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के आणि त्याला लागणारी ऊर्जा वीस टक्के, हा हिशेब प्रौढांचा. पाच वर्षांच्या आसपास मुलाचे शरीर विश्रांतीत असताना जी ऊर्जा खर्च होते, तिच्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू घेतो. अशा वयात उपाशी राहिलेल्या मुलाचा तोटा प्रौढाच्या तोट्याहून कितीतरी मोठा असतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा ग्वाटेमालातून आला. तिथल्या इंकाप या पोषणसंस्थेने १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना एक पेय मोफत दिले. दोन खेड्यांत ‘अतोले’ हे दूध पावडर आणि वनस्पतिज प्रथिनांचे घट्टसर पेय. दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ हे प्रथिने नसलेले, कमी उष्मांकांचे सरबत. जेवणात कपात होऊ नये म्हणून ते सकाळी आणि दुपारी, जेवणाच्या वेळा सोडून मिळे. म्हणजे हा अगदी मधल्या वेळचा खाऊ होता. संशोधकांनी त्या मुलांना मोठेपणी पुन्हा शोधून काढले. आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्यांना अतोले मिळाले होते, ते प्रौढ वयात वाचनाच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत पुढे होते. मुली शाळेत एखादे वर्ष जास्त टिकल्या होत्या. पहिल्या दोन वर्षांत अतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त होती. हेच पेय तिसऱ्या वर्षानंतर मिळालेल्यांच्या कमाईत तशी वाढ दिसली नाही. एवढा मोठा परिणाम सुकामेव्याच्या कोणत्याही चाचणीत कधी दिसलेला नाही. तो दिसला याचे कारण त्या खेड्यांतली मुले कुपोषित होती.

केनियातल्या एम्बू भागात पुढे आणखी नेमका प्रश्न विचारला गेला: नुसती भूक भागणे महत्त्वाचे, की खाऊत काय आहे हे महत्त्वाचे? बारा शाळांतल्या पहिलीच्या सुमारे साडेपाचशे मुलांची चार गटांत वाटणी झाली. तीन गटांना मधल्या सुट्टीत मका आणि घेवड्याची ‘गिथेरी’ मिळे: एका गटाला तीत मांस घालून, दुसऱ्याला सोबत दूध, तिसऱ्याला जास्तीचे तेल. उष्मांक साधारण सारखे. चौथ्या गटाला खाऊ नव्हता. आकृत्या पाहून तर्क करण्याच्या रेव्हन चाचणीत मांसाच्या गटाने सर्वांना मागे टाकले. दुधाच्या गटाने त्या चाचणीत सरशी केली नाही. दुधालाच पूर्णान्न मानणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला हा निकाल पचायला जड जाईल, पण त्याचा विचार करावा. दुधात लोह जवळजवळ नसते. मांसातून लोह, जस्त आणि ब-१२ हे तिन्ही सहज शोषले जाणाऱ्या रूपात मिळतात.

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल तर महाराष्ट्रात या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आपल्या ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वयाच्या १४० मुला-मुलींना सहा महिने बाजरी खायला दिली. एका गटाच्या बाजरीत किलोमागे सुमारे ८६ मिलिग्रॅम लोह होते. दुसऱ्या गटाची नेहमीची बाजरी, लोह २१ ते ५२ मिलिग्रॅम. जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्या मुलांची लक्ष देण्याची आणि स्मरणाची क्षमता जास्त सुधारली. चाचणी लहान होती, आणि संशोधकांत अशा वाणांचा प्रसार करणाऱ्या संस्थेशी संबंधित व्यक्तीही होती, हे नमूद करते. पण ती बाजरी परदेशातून आणलेली नव्हती. जास्त लोहाचे ‘धनशक्ती’ हे वाण राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांच्या कामातून २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांसाठी आले. स्मरणशक्तीची चर्चा करताना त्याचे नाव आपल्या पुरवण्यांत किती वेळा येते?

लोहाचा प्रश्न आपल्याकडे किती घरांत आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९-२१ मध्ये मोजले. पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी. लोहाची गोळी दिल्याने शाळकरी मुलांची, विशेषतः रक्तक्षय असलेल्यांची, बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी सुधारते, हे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसते. विरोधी पुरावाही आहे. बिहारमध्ये मध्यान्ह भोजनात लोह आणि आयोडीन घातलेले मीठ वर्षभर वापरले, तेव्हा रक्तक्षय वीस टक्क्यांनी घटला, पण गुण आणि आकलन यांत ठोस फरक पडला नाही. म्हणून एक मीठ बदलले की प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. उशिरा, एकट्या लोहाने, रोज रिकाम्या पोटी येणाऱ्या मुलाचे सगळे नुकसान भरून निघत नाही.

पोटभर जेवणाने मात्र फरक पडतो. भारतातल्या मध्यान्ह भोजनाचा देशभरातल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या नोंदींवरून २०१९ मध्ये अभ्यास झाला. जवळजवळ पाच वर्षे हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. गणिताचे ९ टक्क्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला नसता तर हे घडले नसते. घरातल्या कोणाच्याही ‘निवडी’तून ते आलेले नाही.

पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला आहे. त्या मातांपैकी बहुसंख्य स्त्रियांत ब-१२ कमी होते. ज्यांच्या रक्तात गरोदरपणी ते सर्वांत कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे आठवून सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडली. निरीक्षणच हे, पण ते आपल्या दारचे आहे. ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. ज्या बाईच्या ताटात यांतले काहीच येत नाही तिच्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर बदाम देऊन काय उपयोग?

या उणिवेचा बाजारात कसा फायदा घेतला जातो, तेही पाहिले पाहिजे. दुधात मिसळायच्या माल्टयुक्त पावडरी पिढ्यान्‌पिढ्या उंची, ताकद आणि तल्लख बुद्धीच्या नावाने विकल्या गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की बोर्नव्हिटासकट अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा. अन्नसुरक्षेच्या कायद्यात अशी व्याख्याच नाही. सदर बदलले, पण आईच्या मनात पेरलेली भीती कायम आहे. ज्या घरात महिन्याला एक डबा परवडवताना ओढाताण होते, तिथे त्याच पैशांत अंडी, शेंगदाणे आणि डाळ आली असती.

अंड्याने बुद्धी वाढते असे मी म्हणणार नाही. अंडी देऊन लहान मुलांची वाढ आणि विकास मोजणाऱ्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. एक्वादोरमध्ये मुलांची उंची वाढली, मलावीत वाढली नाही. अंड्यातले लोहही शरीराला फारसे मिळत नाही. पण उत्तम प्रथिने आणि ब-१२ त्यात आहे, ते उकडून कुठेही देता येते, त्यात भेसळ करता येत नाही, आणि मुले ते आवडीने खातात. शाळेच्या खिचडीतल्या डाळीचे प्रमाण वाटेत घटू शकते, अंडे मोजून द्यावे लागते. डाळ-भाताच्या जोडीला आठवड्यातून एकदा अंडे, आणि जी मुले ते खात नाहीत त्यांना केळे, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता. आठवड्याला एक हे तसे थोडेच. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठी वेगळा निधी देणे थांबवले, आणि शाळांना वाटल्यास त्यांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगितले.

खाऊला ‘निवड’ म्हणण्याची खोड मला का खुपते, ते इथे लख्ख दिसते. शहरातल्या पालकसभेत अक्रोडावर व्याख्यान होते आणि ऐकणाऱ्या मुलांना त्याची गरज नसते. ज्यांना खरी गरज आहे, त्यांच्या ताटातले अंडे लोकवर्गणीवर सोडले जाते. पण नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात, मेळघाटात, ऊसतोडीला सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्यांच्या वस्तीत, जिल्हा परिषदेच्या शाळेला वर्गणी देणार कोण? तिथले पालक स्वतःच रोजंदारीवर आहेत. अंड्याचा निधी अर्थसंकल्पात परत यावा. आठवड्याला एक न राहता किमान दोन अंडी द्यावीत. सकाळी उपाशी येणाऱ्या मुलांना पहिल्या तासाआधी शेंगदाणे-राजगिऱ्यासारखा काही खाऊ मिळावा. बाजरी पिकवणाऱ्या तालुक्यांत शाळेसाठी जास्त लोहाची बाजरी शेतकऱ्यांकडून सरळ विकत घ्यावी. आणि गरोदर बाईला व दोन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतून मिळणारा आहार खाण्याजोगा असावा, कारण ग्वाटेमालाने दाखवलेली ती पहिली दोन वर्षे शाळेच्या पटावर नाव येण्याआधीच सरून जातात.